ज्या गाडीने जायचं, त्याच गाडीने परत यायचं: साताऱ्याहून पहिल्या ट्रॅक डेला

साताऱ्यात जोरात गाडी चालवणाऱ्याला दोन शाळा माहीत असतात, एक यवतेश्वरचा घाट आणि दुसरा पसरणीचा. पहाटे कासवरून खाली उतरलेला पोरगा पोवई नाक्यावर चहा पिता पिता सांगतो, अमुक वळण आपण ऐंशीने काढलं. त्या वळणावर समोरून दूधवाला, एसटी किंवा घाटात पळायला निघालेली मंडळी आली असती तर काय झालं असतं, ते मात्र सांगत नाही. मीही असाच सांगायचो, म्हणून बोलायचा अधिकार आहे. पहिल्यांदा ट्रॅकवर गेलो तेव्हा दुपारपर्यंत कळलं की घाटात मी जे शिकलो होतो त्यातलं निम्मं चुकीचं होतं.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे, हे घरी आधी सांगून ठेवा. बाहेरच्या रहदारीला बंद असलेला ट्रॅक, एकाच दिशेने चालणाऱ्या गाड्या, पंधरा-वीस मिनिटांची सत्रं, जागोजागी झेंडे घेऊन उभे मार्शल. नवशिक्यांच्या गटात नंबर काढत नाहीत, बक्षीसही नसतं. पोलो जीटी, आय-ट्वेंटी एन लाइन, व्हर्टस जीटी, जुनी बलेनो आरएस अशा रोजच्या वापरातल्या तडफदार गाड्या तिथे मजेत चालतात.

आपल्याला सोयीचे ट्रॅक आहेत ते चेन्नई-कोइमतूरकडे. तिथला माणूस ट्रॅकवर गाडी मोडली तर रिक्षाने घरी जाऊ शकतो. आपल्याला अकराशे किलोमीटर परत यायचं असतं, तेही त्याच गाडीत, त्याच ब्रेकवर, त्याच टायरवर. तयारी करताना आणि ट्रॅकवर पाय दाबताना एवढं एक डोक्यात ठेवलं की बाकीचे बरेच निर्णय आपोआप होतात.

कुठे जायचं

कोइमतूरजवळ चेट्टिपाळयमला करी मोटर स्पीडवे आहे, २.१ किलोमीटरचा. दक्षिणेतल्या मोटर रेसिंगला ज्यांनी आकार दिला त्या एस. करिवर्धन यांच्या नावाचा हा ट्रॅक २००३ पासून चालू आहे. आखूड असल्याने वळणं पटापट येतात आणि वेग फार चढत नाही. नवख्याला हे सोयीचं. दुसरा इरुंगट्टुकोट्टईचा मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक, ३.७ किलोमीटर आणि १२ वळणांचा. तो बेंगळुरू-चेन्नई महामार्गाला लागून, श्रीपेरुंबुदूरच्या पुढे आहे, त्यामुळे चेन्नईच्या गर्दीत शिरावंच लागत नाही. दोन्ही ठिकाणं साताऱ्याहून साधारण सारख्याच अंतरावर. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा, २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वन तिथे झाली. नाव मोठं आहे, पण आपल्याला तो दीड हजार किलोमीटरच्या वर पडतो आणि तिथली लांब सरळ पट्टी नवख्याच्या ब्रेकना परवडत नाही. तो नंतर बघा.

पण त्याआधी एकदा कोल्हापूर गाठा. तिथल्या मोहिते रेसिंगच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झालेल्या आहेत, आणि साताऱ्याहून जाऊन संध्याकाळी जेवायला घरी येता येतं. कार्टला सस्पेन्शन नसतं आणि भाड्याच्या कार्टला ब्रेक बहुतेक मागेच असतो. त्यामुळे वळणात घाईने शिरलात की ती लगेच गर्रकन फिरते आणि चूक लपत नाही. वळणाच्या बाहेरून आत, आतून पुन्हा बाहेर ही रेषा डोळ्यांत बसायला एक दुपार पुरते. दोन-तीन दिवस बरगड्या दुखतील, तेवढं धरून चाला.

नाव नोंदवताना

नवशिक्यांचा वेगळा गट आहे का आणि शेजारी बसून शिकवणारा प्रशिक्षक मिळतो का, हे दोन प्रश्न विचारा. दुसऱ्याचं उत्तर 'नाही' आलं तर पहिल्या खेपेला मी तरी जाणार नाही.

विम्याचं कुणी आपणहून सांगत नाही. आपल्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' असा एक भाग असतो. संघटित शर्यत, वेगचाचणी असल्या वापराला संरक्षण नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. पॉलिसी काढून वाचा. ट्रॅकवर भिंतीला बंपर लागला तर तो खर्च आपल्या खिशातून, असं धरूनच निघा. ट्रॅकचं कठड्याबिठड्याचं काही मोडलं तर भरपाई कोण देतं, हेही अर्ज भरताना विचारून ठेवा. गाडी अजून कर्जात असेल तर आणखी एकदा विचार करा.

खर्चाचा अंदाज म्हणाल तर फी हा त्यातला एक तुकडा. जाऊन येऊन बावीसशे किलोमीटर, म्हणजे १५ च्या मायलेजने दीडशे लिटर पेट्रोल. ट्रॅकवर मायलेज पाच-सहावर येतं, ते वेगळं. टोल, दोन-तीन रात्रींचा मुक्काम, ब्रेक पॅड, टायरची झीज.

गाडीची तयारी: ब्रेक, ब्रेक आणि मग बाकीचं

इंजिनची काळजी सगळे करतात. नवख्याची गाडी ट्रॅकवर थांबते ती बहुधा ब्रेकमुळे.

एक हिशेब करून बघा. बाराशे किलोची गाडी १३० वरून ६० वर आणली, की हवेचा अडथळा सोडून दिला तर ब्रेकना जेवढी ऊर्जा पचवावी लागते, तेवढीच ती गाडी पन्नासेक मीटर उंचीवरून फक्त ब्रेकवर उतरवताना लागते. अजिंक्यतारा शहरापासून साधारण ३०० मीटर उंच. म्हणजे अशी सहा ब्रेकिंग झाली की इंजिनचा जोर न घेता, नुसत्या ब्रेकवर तुम्ही अख्खा अजिंक्यतारा उतरलात. दोनेक मिनिटांच्या एका फेरीत असे दोन जोरदार ब्रेक आले, तर दर सहा मिनिटांना एक अजिंक्यतारा. एका सत्रात दोन-तीन होतात. घाटात गिअरवर गाडी उतरवणाऱ्या आपल्याला या उष्णतेची कल्पनाच नसते.

ही उष्णता डिस्क आणि पॅडमधून ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि जसं पाणी मुरतं तसा त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंशांना उकळतं, पाणी मुरलेलं १५५ अंशांना. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४०. ऑइल उकळलं की नळीत बुडबुडे होतात. बुडबुडा दाबला जातो, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पेडल सरळ खाली जातं.

माझं गेलं होतं, तिसऱ्या सत्रात. निघण्याआधी गॅरेजमध्ये विचारलं तेव्हा उत्तर आलं होतं, "कशाला बदलताय साहेब, चांगलंय की अजून." ऑइल तीन वर्षांचं होतं आणि मीही मान डोलावली होती. पुढे मोकळी जागा भरपूर होती, पेडल दोन-तीनदा भराभर मारून थोडं वर आलं, खालचे गिअर टाकले आणि हळूहळू पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबतात तिथे, आलो. दिवस तिथेच संपला. ऑइल थंड झाल्यावर पेडल पुन्हा कडक झालं, पण मनातली धाकधूक जाईना. दुसऱ्या दिवशी सकाळी कोइमतुरात ऑइल बदलून घेतलं, मगच निघालो.

म्हणून निघण्याआधी पंधरा दिवसांत ब्रेक ऑइल पूर्ण बदलून चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून घ्या. नुसतं वरून भरून चालत नाही. गाडीच्या पुस्तकात डॉट ४ असेल तर चांगल्या कंपनीचं सीलबंद डॉट ४ किंवा डॉट ५.१ घाला. डॉट ५ वेगळं असतं, सिलिकॉनचं, ते यात मिसळायचं नाही. नावं सारखी असल्याने दुकानदारही फसतो. पुढचे पॅड निम्म्याहून कमी उरले असतील तर नवे टाका आणि ते रस्त्यावर तीन-चारशे किलोमीटर चालवून मुरवा. जुने डिकीत ठेवा, परतीला कामी येतील.

टायरचं थोडक्यात. बाजूच्या भिंतीवर चार आकडी तारीख असते, २२२३ म्हणजे २०२३ चा बाविसावा आठवडा. पाच वर्षांवरचा, भेगा पडलेला किंवा फुगा आलेला टायर घेऊन जाऊ नका. भारी नवे टायर पहिल्याच वेळी घालायचीही गरज नाही. साध्या टायरची पकड कमी वेगात सुटते, आवाज करून सांगते, आणि शिकायला ते बरं. शॉकअपमधून तेल गळतंय का, बेअरिंग घूं करतंय का, कूलंट आणि इंजिन ऑइल वरच्या खुणेला आहे का, बॅटरीचा पट्टा घट्ट आहे का, एवढं नेहमीचा मेकॅनिक अर्ध्या तासात बघून देतो. रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं), मोठा एक्झॉस्ट वगैरे या महिन्यात नको. नवं काही बसवलं की ते बिघडायला नवी जागा मिळते, आणि बिघडतं ते नेमकं चित्रदुर्गच्या पुढे.

सोबत काय न्यायचं

पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट लागतं. कुठलं चालेल ते आयोजकांना विचारा, काही ठिकाणी दुचाकीचं आयएसआय हेल्मेट चालतं, काही ठिकाणी नाही. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, सुती पँट, पातळ तळाचे बूट. जाड तळाच्या स्पोर्ट शूजमध्ये पेडल कळत नाही.

हवा मोजायचा स्वतःचा गेज न्या, कारण दोन पंपांवरचे काटे एकमेकांशी जुळत नाहीत. बारा व्होल्टवर चालणारा हवेचा पंप, टॉर्क पाना (बोल्ट ठरावीक जोरानेच आवळणारा), इंजिन ऑइलचा लिटरचा डबा, सीलबंद ब्रेक ऑइल, चिकटपट्टी, चाकाला लावायला दोन लाकडी ठोकळे. टो हुक, म्हणजे बंद पडलेली गाडी ओढायला लावायचा हुक, डिकीत आहे का ते घरीच बघा आणि एकदा बसवून बघा. पोलोसारख्या काही गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात. हे मला ट्रॅकवर उन्हात, मागे सात गाड्यांची रांग असताना कळलं.

आणि एक माणूस न्या. मी मेव्हण्याला नेलं. त्याला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही, पण हायवेवर निम्मी गाडी त्याने चालवली आणि ट्रॅकवर चारही टायरची हवा वहीत लिहीत बसला. दिवसभर ट्रॅकवर घासलेल्या माणसाने एकट्याने परतीचा प्रवास करू नये.

जाताना

एका दिवसात अकराशे किलोमीटर कापायची मर्दुमकी करू नका. दावणगेरे किंवा चित्रदुर्गला मुक्काम टाका, दुसऱ्या दिवशी बेंगळुरूला वळसा घालून होसूर, कृष्णगिरी, सेलम करत दुपारी उशिरा कोइमतूर. ट्रॅक डेच्या आदल्या रात्री पूर्ण झोप हवी. ट्रॅकजवळच्या पंपावर टाकी भरून घ्या, कारण टाकी अर्ध्याखाली गेली की लांब वळणात पेट्रोल एका बाजूला जाऊन इंजिन गचके देऊ शकतं.

ट्रॅकवरची सकाळ

आधी गाडी रिकामी करा. मॅट, पाण्याच्या बाटल्या, सीटखालची छत्री, डॅशबोर्डवरचा गणपती, सगळं बाहेर. ब्रेक पेडलखाली घरंगळत आलेली एक बाटली पुरते. गणपतीला रुमालात गुंडाळून बॅगेत ठेवा, तो समजून घेतो. स्टेपनी आणि जॅक पक्के बांधलेले असतील तर आयोजकांना विचारून ठेवा किंवा काढा. चाकांचे बोल्ट पुस्तकातल्या आकड्याला टॉर्क पान्याने आवळा. माझ्या गाडीला १२० न्यूटन मीटर लागतं. अंदाजाने पाय देऊन आवळू नका.

मग तपासणी आणि मग माहितीची बैठक. ही बैठक इंग्रजी-तमिळमध्ये चालते. जे कळलं नाही ते तिथल्या तिथे विचारा, लाजू नका. झेंडे मात्र पाठच हवेत. पिवळा म्हणजे पुढे धोका आहे, वेग कमी करा, कुणाला ओलांडू नका. लाल म्हणजे सत्र थांबलं, सावकाश पिटमध्ये या. जागीच कचकन ब्रेक मारायचा नाही, मागचा येऊन आदळतो. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे रस्ता निसरडा, तेल किंवा माती. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी आलीय. काळा तुमच्याकडे दाखवला तर पिटमध्ये या आणि बोलणी खा. काळ्यावर नारिंगी गोळा म्हणजे तुमच्या गाडीतून काहीतरी गळतंय किंवा लोंबतंय. चौकटीचा झेंडा म्हणजे वेळ संपली.

ओलांडणं ठरलेल्या सरळ पट्ट्यांवरच, आणि पुढच्याने हाताने किंवा इंडिकेटरने बाजू दाखवल्यावरच. मागून कुणी आलं तर बाजू द्या, पाय थोडा सैल करा, जाऊ द्या. हायवेवर ट्रकला आडवं राहायची सवय इथे नेऊ नका.

चालवायला बसल्यावर

बसायची पद्धत आधी बदला. पाठ पूर्ण टेकवा आणि हात सरळ पुढे केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. हात घड्याळात पावणेतीन वाजल्यासारखे. आपल्याकडे सीट मागे रेलून एका हाताने चालवायची जी ऐट आहे, ती पहिल्या वळणातच गळून पडते.

पहिलं सत्र फक्त रस्ता बघण्यासाठी. मार्शल कुठे उभे आहेत, पिटचा रस्ता कुठे फुटतो, डांबर कुठे बदललंय. वेग ताशी ८० च्या वर नेला नाही तरी चालेल. ईएससी, म्हणजे गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा, बंद करू नका, कुणी कितीही चिडवलं तरी.

दुसऱ्या सत्रात ब्रेक. सरळ असतानाच, जोरात आणि एकदाच, मग वळताना पाय हळूहळू उचला. घाटात आपण उलटं करतो, आधी हलका ब्रेक आणि वळण अंगावर आल्यावर घाबरून जोरात. प्रशिक्षकाने माझ्या गुडघ्यावर थाप मारून तीनदा हेच सांगितलं, आणि चौथ्यांदा मी ते केलं तेव्हा गाडी इतकी शांतपणे वळली की मी चुकून हसलो. ब्रेक लावायची जागा एखाद्या ठळक खुणेवर ठरवा. पहिल्या दिवशी ती खूण लवकरची घ्या आणि दिवसभर पुढे सरकवू नका. दर फेरीला दोन मीटर उशिरा ब्रेक मारायचा मोह होतो, आणि ऑइल उकळायला तोच कारणीभूत असतो.

नजर वळणाच्या आतल्या टोकाकडे, तिथे पोचायच्या आधीच पुढच्या बाहेरच्या टोकाकडे. बॉनेटकडे बघत चालवलं की गाडी बॉनेटकडेच जाते.

आपल्या बहुतेक गाड्या पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या. वेग जास्त झाला की नाक बाहेर जायला लागतं आणि स्टिअरिंग हलकं लागतं. अशा वेळी आणखी वळवून उपयोग नाही. ॲक्सिलरेटर हलकेच सैल करा, स्टिअरिंग थोडं सोडा, पकड परत येते. पाय एकदम उचलला तर मात्र मागची बाजू बाहेर फेकली जाऊ शकते. दोन चाकं मातीत गेलीच तर झटक्याने परत आणू नका, सरळ जाऊ द्या, वेग कमी करा, मार्शलने हात दाखवला की या. गाडी फिरलीच तर क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबून धरा आणि गाडीतच बसून राहा.

पेडल एरवीपेक्षा खाली गेलं, जळका वास आला, तापमानाचा काटा हलला किंवा स्वतःचं लक्ष सुटलं की त्याच फेरीत आत या. शेवटचं सत्र सोडून दिलं तरी काही बिघडत नाही. दुपारी चारच्या उन्हात, थकलेल्या डोळ्यांनी आणि झिजलेल्या पॅडवर 'एकच फेरी' मारणारे नेमके तेव्हाच कठड्याला भेटतात.

दोन सत्रांच्या मधे

प्रत्येक सत्राची शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न वापरता, हळू. पार्किंगला आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, तापलेले पॅड डिस्कला एकाच जागी चिकटून बसतात. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला ठोकळा लावा. इंजिन दोन मिनिटं तसंच चालू द्या, टर्बोलाही बरं.

लगेच हवा मोजा. सकाळी थंड टायरमध्ये ३३ पीएसआय असेल तर आता ३९-४० दिसेल. गरम असतानाच ३६ च्या आसपास आणा. टायरच्या कडेवर खडूने रेघ मारून ठेवली तर ती किती पुसली गेली यावरून टायर भिंतीपर्यंत लोळतोय का तेही कळतं. पाणी पीत राहा, तहान लागायची वाट बघू नका.

परत निघताना

हवेची गोष्ट इथे पुन्हा येते. ट्रॅकवर काढलेली हवा रात्री टायर थंड झाल्यावर २९-३० वर आलेली असते. सामान भरून, दोन माणसं बसून, तशाच टायरवर हायवेला लागणं धोक्याचं. सकाळी थंड टायरमध्ये पुस्तकातला आकडा भरा, बोल्ट पुन्हा टॉर्कवर तपासा, पॅड किती उरलेत ते चाकाच्या फटीतून बॅटरी मारून बघा. पहिले दहा किलोमीटर रेडिओ बंद ठेवून कान देऊन चालवा. ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरलं तर डिस्कवर पॅडचा थर बसला असेल. मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नसताना काही मध्यम ब्रेक मारल्यावर तो बहुतेकदा जातो. नाही गेला तर सेलमपर्यंतच्या एखाद्या चांगल्या गॅरेजात दाखवा, पुढे ढकलू नका.

पहिले दोनशे किलोमीटर मेव्हण्याला चालवू द्या. ट्रॅकवरून उतरलेल्या माणसाला शंभरचा वेग साठसारखा वाटतो.

शेंद्र्याला आत वळून घरी पोचलात की त्याच आठवड्यात ब्रेक ऑइल पुन्हा बदला आणि वहीत नोंद करा. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे: पुढचे पॅड ९ वरून ६ मिमी, हवा थंड ३३, गरम ४०, ऑइल उकळलं. त्याखाली मेव्हण्याच्या अक्षरात: पुढच्या वेळी पाणी दुप्पट, आणि हुकाचे आटे उलटे.